एसएसडी टाकली, क्लोन केला, तरी मशीन चालू होईना: कुठून तपासायचं आणि कुठे थांबायचं

जुनी हार्डडिस्क काढायची, एसएसडी टाकायची आणि आहे तशी विंडोज तिच्यावर उतरवून घ्यायची, म्हणजे क्लोन करायचा. काम ऐकायला सोपं आहे. पण माझ्या टेबलावर येणाऱ्या मशीनांपैकी कितीतरी याच कामात मध्येच अडकलेली असतात. तक्रारी ठरलेल्या असतात, त्या आधी सांगतो.

- चालू केलं की काळ्या स्क्रीनवर 'बूट डिव्हाइस सापडत नाही' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो आणि मशीन तिथेच थांबतं.
- विंडोजचा लोगो येतो, गोल फिरतो आणि निळी स्क्रीन येते: 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. रीस्टार्ट केलं की पुन्हा तेच.
- जुनी डिस्क जोडलेली असली तर चालू होतं, काढली की होत नाही.
- चालू होतं, पण पूर्वीइतकंच हळू. टास्क मॅनेजर उघडला तर डिस्क १०० टक्के.
- १ टीबीची एसएसडी आणली, सी ड्राइव्ह मात्र जुनाच २३७ जीबीचा.
- क्लोन अर्ध्यात थांबतो, आणि दर वेळी साधारण त्याच टक्क्याला.
- चालू होताना ४८ अंकी रिकव्हरी की मागतो.

यातलं काहीही झालं की बहुतेक जण पुन्हा क्लोन करतात. दोनदा, तीनदा. क्लोन म्हणजे जुन्या डिस्कवरचं सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरवणं. त्यात चांगली विंडोज येते, तसा जुना बिघाडही येतो. म्हणून आधी बिघाड कुठे आहे ते शोधा. खाली तपासण्यांचा क्रम दिला आहे तो फुकटातल्या गोष्टींपासून. आणि सगळं सुरळीत होईपर्यंत जुन्या डिस्कला हात लावू नका, फॉरमॅट तर अजिबात मारू नका. तुमचा खरा बॅकअप सध्या तीच आहे.

जुनी डिस्क काढून एकदा चालू करा

मशीन पूर्ण बंद करा. पूर्ण म्हणजे शिफ्ट बटण दाबून धरून शटडाउन, कारण विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर नेहमीच्या शटडाउनमध्ये मशीन अर्धवट झोपलेलंच असतं. मग जुन्या हार्डडिस्कची केबल काढा, फक्त एसएसडी ठेवा आणि चालू करा.

हे आधी का? क्लोन झाल्यावर दोन्ही डिस्कची ओळख एकच होते. प्रत्येक डिस्कवर तिची एक खूण लिहिलेली असते, तीसुद्धा बऱ्याचदा नक्कल होते. दोन्ही एकदम जोडल्या की विंडोज गोंधळते आणि एक डिस्क ऑफलाइन करून टाकते. किंवा काहीच न सांगता जुन्याच डिस्कवरून चालू होते.

दुसरा प्रकार जास्त त्रासाचा. एका टॅक्स सल्लागारांच्या ऑफिसातलं मशीन माझ्याकडे आलं. एसएसडी टाकून आठ महिने झाले होते आणि फरक काहीच नाही म्हणून ते वैतागले होते. विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडून दाखवलं. सी ड्राइव्ह होता डिस्क ० वर, आणि डिस्क ० म्हणजे जुनी हार्डडिस्क. एसएसडीवर क्लोनच्या दिवसाची नक्कल तशीच पडून होती. आठ महिन्यांचं सगळं काम जुन्या डिस्कवर झालेलं, त्यामुळे क्लोन पुन्हा पहिल्यापासून करावा लागला. म्हणून चालू झाल्यावर डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्ह कुठल्या डिस्कवर आहे ते डोळ्यांनी बघा.

फक्त एसएसडीवर मशीन चालू झालं तर काम झालं. पण 'जुनी जोडली तरच चालू होतं' असं असेल, तर बूटची फाइल जुन्या डिस्कवरच राहिली आहे. ते पुढे येईलच.

बायोसमध्ये चार गोष्टी

एसएसडीचं नाव बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, दिसतं का? दिसत नसेल तर पुढचं काही करू नका, केबल आणि स्लॉट बघा. दिसत असेल तर बूट ऑर्डर बघा. यूईएफआय (नव्या बूट पद्धतीच्या) मशीनमध्ये नुसतं एसएसडीचं नाव वर आणून भागत नाही, 'विंडोज बूट मॅनेजर' असं लिहिलेली आणि त्याच एसएसडीची नोंद वर हवी.

तिसरी गोष्ट, यूईएफआय की लेगसी, म्हणजे जुनी बूट पद्धत. जुनी विंडोज ज्या पद्धतीने टाकलेली होती, क्लोनसुद्धा त्याच पद्धतीने चालू होणार. चौथी, साटा मोड, म्हणजे मदरबोर्ड डिस्कशी कुठल्या पद्धतीने बोलतो ते: एएचसीआय, रेड किंवा नव्या इंटेल लॅपटॉपांत व्हीएमडी. तो बदलला की विंडोजला स्वतःची डिस्क वाचता येत नाही आणि निळी स्क्रीन येते. कुणी मुद्दाम बदललेला नसतो. जुन्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलेला असतो, एसएसडी बसवताना वीज काढली जाते आणि बायोस सगळं विसरून मूळ सेटिंगवर जातो. तारीख चुकीची दिसली की आधी सेल बदला.

केबल, स्लॉट, कॅडी

एम-डॉट-टू हा आकार आहे, प्रकार नव्हे. त्या आकारात साटाही (हार्डडिस्कच्याच जोडणीची) मिळते आणि एनव्हीएमईही (त्याहून वेगवान), आणि प्रत्येक स्लॉट दोन्ही घेतोच असं नाही. काही मदरबोर्डवर एम-डॉट-टू स्लॉट भरला की एक-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात. मग गिऱ्हाईक म्हणतो 'डीव्हीडी गेली' किंवा 'जुनी डिस्क मेली'. मॅन्युअलमध्ये तक्ता असतो, तो बघूनच पोर्ट निवडा. साधारण २०१४ च्या आधीच्या बऱ्याच बोर्डांना एनव्हीएमईवरून बूट करताच येत नाही. तिथे साटा एसएसडी घ्या, उगाच झगडू नका.

लॅपटॉपमध्ये डीव्हीडीच्या जागी कॅडी (डिस्क बसवायची चौकट) बसवली असेल तर एसएसडी मुख्य जागेत आणि जुनी हार्डडिस्क कॅडीत ठेवा. काही मशीनांत डीव्हीडीचा पोर्ट कमी वेगाचा असतो. साटा थ्रीवर जी एसएसडी सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास जाते, ती साटा टूवर निम्म्यावर येते.

क्लोनला फार वेळ लागतोय अशी तक्रार असेल तर केबल निळ्या यूएसबी पोर्टात लावली आहे का बघा. यूएसबी २ वर प्रत्यक्षात सेकंदाला ३५ एमबीच्या आसपासच मिळतात. त्या हिशेबाने ५०० जीबीला चार तास. तो बिघाड नाही, फक्त पोर्ट चुकला आहे.

जुन्या डिस्कची तब्येत

खरं तर ही तपासणी क्लोनच्या आधी करायची. कुणी करत नाही, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर उघडा. निळं 'गुड' असेल तर पुढे जा. पिवळं 'कॉशन' असेल तर तीन ओळी वाचा: रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर्स, करंट पेंडिंग सेक्टर आणि अनकरेक्टेबल सेक्टर. पहिल्या ओळीतले सेक्टर डिस्कने खराब म्हणून बाजूला काढून ठेवलेत. पेंडिंग म्हणजे डिस्कला वाचता न येणारी, अजून निकाल न लागलेली जागा. क्लोन त्याच टक्क्याला का थांबतो, त्याचं उत्तर बहुधा याच ओळीत असतं. आणखी एक, तिथले रॉ आकडे सुरुवातीला सोळाच्या पायावर दिसतात, तेव्हा शेवटी १० दिसलं तर ते सोळा समजा. यूएसबी केबलमधून डिस्क जोडली असेल आणि आकडे दिसत नसतील, तर थेट साटाला जोडून बघा. आणि त्याच यादीतली सीआरसी एररची ओळ वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून केबलचा असतो. आधी केबल बदला.

पेंडिंग शून्य नसेल तर क्लोन करू नका. क्लोन करणारं सॉफ्टवेअर डिस्कच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत जातं. खराब जागेवर ते पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करतं आणि आधीच थकलेली डिस्क तिथेच दम तोडते. तोवर तुमचे फोटो, टॅलीचा डेटा, मुलांची सर्टिफिकेटं अजून पुढे कुठेतरी असतात. अशा डिस्कवरून आधी फक्त महत्त्वाचे फोल्डर कॉपी करा, सगळ्यात गरजेचा पहिला. मग नव्या एसएसडीवर नवी विंडोज टाका.

एक निवृत्त शिक्षक असंच मशीन घेऊन आले होते. घरी पुतण्याने रात्रभर तीन वेळा क्लोन लावला होता, तिन्ही वेळा बासष्ट टक्क्यांवर थांबला. सकाळपासून डिस्क टिक-टिक करत होती. मी ती माझ्या मशीनला जोडलीच नाही. त्यांना म्हटलं, "सर, ही आता मी चालू करायची नाही, डेटा रिकव्हरीवाल्याकडे जाऊ दे." ते गप्प बसून राहिले. बायकोचे शेवटच्या दोन वर्षांतले फोटो त्यात होते. डिस्क पुण्याला गेली, बरेचसे फोटो परत मिळाले, सगळे नाहीत. पहिल्या वेळी क्लोन थांबला तेव्हाच मशीन बंद केलं असतं तर किती मिळाले असते, हे मला अजून सतावतं.

टिक-टिक, घासल्याचा आवाज, किंवा डिस्क मध्येच दिसेनाशी होणं: इथे घरगुती तपासणी संपली. वीज काढा. झाकण उघडू नका, फ्रीजमध्ये ठेवू नका, चेकडिस्क चालवू नका. चेकडिस्क फाइल-सिस्टिम दुरुस्त करते, त्यासाठी डिस्कवर लिहिते आणि मरणाऱ्या डिस्कवर आणखी भार टाकते.

रिकव्हरी की मागतोय

ही बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी विंडोजची सोय. अनेकांना ती चालू आहे हेच माहीत नसतं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, नवी विंडोज टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बहुतेक मशीनांवर एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. ४८ अंकी की त्या खात्यात साठवलेली असते. फोनवरून खात्यात शिरून ती वाचता येते. घरात दोन-तीन ईमेल असतील तर सगळे बघा, मशीन विकत घेताना दुकानदाराने भलतंच खातं टाकून दिलेलं असतं.

क्लोनच्या आधी जुन्या डिस्कवर बिटलॉकर पूर्ण बंद करून घ्या आणि डिक्रिप्शन संपेपर्यंत थांबा. पुढची निम्मी डोकेदुखी टळते. की कुठेच सापडत नसेल तर तो डेटा कुणालाच उघडता येत नाही. 'आम्ही काढून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

बूट दुरुस्ती

इथून पुढे पेनड्राइव्ह लागतो, किमान ८ जीबीचा, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज घेऊन बूटेबल केलेला.

यूईएफआय मशीनच्या डिस्कवर सी ड्राइव्हखेरीज आणखी तुकडे असतात. साधारण १०० एमबीचा ईएफआय, १६ एमबीचा राखीव आणि एक रिकव्हरीचा. क्लोन करताना लोक फक्त सी वर टिक करतात, कारण बाकीचे फालतू वाटतात. पण मशीन चालू होताना बायोस आधी त्या १०० एमबीच्या ईएफआयमध्येच जातो. तो नसेल तर सी ड्राइव्ह शाबूत असूनही काही उपयोग नाही.

पेनड्राइव्हवरून चालू करून 'रिपेअर'मध्ये जा, स्टार्टअप रिपेअर एकदा चालवा. नाही जमलं तर कमांड प्रॉम्प्ट उघडून डिस्कपार्ट या डिस्क हाताळणाऱ्या आज्ञेने ईएफआय तुकड्याला एक अक्षर द्या आणि बीसीडीबूट या आज्ञेने बूटच्या फाइल पुन्हा लिहा. इथे एक खाच आहे. रिपेअरमध्ये ड्राइव्हची अक्षरं बदललेली असतात, तुमचा सी तिथे डी असू शकतो. विंडोजचं फोल्डर कुठे आहे ते बघूनच अक्षर टाका. ईएफआय तुकडाच नसेल तर तो नव्याने बनवण्यापेक्षा सगळे तुकडे निवडून पुन्हा क्लोन करणं सोपं पडतं.

निळ्या स्क्रीनवर 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' येत असेल, विशेषतः साटा डिस्कवरून एनव्हीएमईवर क्लोन केल्यावर, तर एकदा सेफ मोडमध्ये चालू करून बघा. सेफ मोडमध्ये विंडोज डिस्कचे सगळे मूळ ड्रायव्हर चालू करते आणि नव्या डिस्कचा लक्षात ठेवते. त्यानंतर नेहमीसारखं चालू होतं. ही युक्ती मला कितीदा तरी उपयोगी पडली आहे.

सी ड्राइव्ह लहानच राहिला असेल तर घाबरू नका. रिकामी जागा शेवटी आहे आणि मध्ये रिकव्हरीचा तुकडा आडवा आला आहे, म्हणून 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' फिकं दिसतं. पार्टिशनच्या एखाद्या सॉफ्टवेअरने तो तुकडा शेवटी सरकवा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

चालू झालं, पण हळूच

डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी एसएसडीवर आहे हे बघून झालं असेल, तर अलाइनमेंट बघा. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये डिस्कखाली 'पार्टिशन स्टार्टिंग ऑफसेट' हा आकडा असतो. त्याला ४०९६ ने भागा. बाकी शून्य आली पाहिजे. विंडोज ७ पासून पार्टिशन १०,४८,५७६ बाइटपासून सुरू होतं, ते बरोबर भागलं जातं. पण मूळ पार्टिशन एक्सपीच्या काळातलं असेल तर ते ६३ व्या सेक्टरपासून, म्हणजे ३२,२५६ पासून सुरू होतं, आणि ते भागलं जात नाही. मग विंडोजचा एकेक ठोकळा एसएसडीच्या दोन ठोकळ्यांवर पडतो आणि एका लिखाणाची दोन होतात. एक्सपी, मग सेव्हन, मग टेन असं त्याच पार्टिशनवर वर-वर चढत गेलेल्या ऑफिसातल्या मशीनांत हे आजही सापडतं. तिथे क्लोनमध्ये वेळ घालवू नका, नवी विंडोज टाका.

मग ट्रिम (पुसलेली जागा एसएसडीला कळवणारी सोय) चालू आहे का आणि 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज'मध्ये एसएसडी म्हणूनच दिसते का ते बघा. हार्डडिस्क म्हणून दिसत असेल तर पुन्हा एकदा साटा मोड बघा. हे सगळं ठीक असूनही हळू असेल तर विंडोजच गचाळ झाली आहे: दोन अँटिव्हायरस, तीन प्रिंटरांचे ड्रायव्हर, काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरचे अवशेष. क्लोनने तेही सगळं इमानेइतबारे आणलं.

आणि संशय येण्याइतकी स्वस्त २ टीबीची एसएसडी असेल तर एचटूटेस्टडब्ल्यू चालवा. तो पूर्ण जागा भरून परत वाचून बघतो. खोटी क्षमता तिथे उघडी पडते.

मग क्लोन की नवी विंडोज?

माझा निवाडा असा. डिस्क निळी 'गुड' असेल, विंडोज रोज विनातक्रार चालत असेल आणि त्यावर पुन्हा मिळवायला कठीण असं काही असेल तर क्लोन. डिस्क पिवळी, विंडोज रडतखडत, मूळ लेगसी किंवा एक्सपीचं पार्टिशन, किंवा दुसऱ्याच मशीनची डिस्क असेल तर नवी. लेगसीवरून यूईएफआयवर जायला विंडोज १० मध्ये २०१७ पासून एमबीआरटूजीपीटी ही आज्ञा आहे, ती चांगली चालते. पण डिस्कवर तीनहून जास्त प्रायमरी पार्टिशन नकोत, आणि बदलल्यावर बायोसही यूईएफआयवर न्यावा लागतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे मशीन ११ चालवण्याजोगं असेल तर मी आता नव्याकडेच जास्त झुकतो.

तरी डीटीपीवाल्यांच्या, म्हणजे छपाईचा मजकूर मांडणाऱ्यांच्या, मशीनला मी सहसा क्लोनच करतो. लग्नसराईच्या तोंडावर एक ताई आल्या होत्या, दुसऱ्या दुकानात त्यांच्या मशीनवर नवी विंडोज टाकली होती. पंधरा वर्षांच्या पत्रिका उघडल्या की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची रांग. श्रीलिपी, आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचे जुने फॉन्ट युनिकोड नाहीत, फॉन्ट गेला की मजकूर वाचताच येत नाही. सुदैवाने जुनी डिस्क त्यांनी कपाटात ठेवली होती. "दादा, ही टाकून देणार होते," म्हणाल्या. तिच्यावरूनच पुन्हा क्लोन केला आणि त्याच संध्याकाळी त्यांनी पत्रिका छापायला लावल्या.

नवी विंडोज टाकायचीच असेल तर आधी हे गोळा करा: विंडोजच्या फॉन्ट फोल्डरची पूर्ण कॉपी. टॅलीचा डेटा, जो बऱ्याचदा सी ड्राइव्हच्या यूजर्समधल्या पब्लिक फोल्डरमध्ये असतो, आणि टॅलीचं लायसन्स सरेंडर करणं. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर. आउटलुकची पीएसटी फाइल. ब्राउझरमधले पासवर्ड. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स, कारण लोक सगळं तिथेच ठेवतात. विंडोजच्या अ‍ॅक्टिव्हेशनची काळजी नको. डिजिटल लायसन्स मुख्यतः मदरबोर्डला बांधलेलं असतं, डिस्क बदलून ते जात नाही. की विचारली तर 'माझ्याकडे नाही' निवडा आणि आधी होती तीच आवृत्ती टाका.

टाकताना जुनी डिस्क काढून ठेवा. नाहीतर विंडोज बूटच्या फाइल जुन्या डिस्कवरच्या ईएफआयमध्ये टाकते, आणि ती काढली की मशीन चालू होत नाही. अकराव्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपांत इन्स्टॉलरला कधी कधी एसएसडीच दिसत नाही. ती खराब नसते. कंपनीच्या साइटवरून व्हीएमडीचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घ्या आणि 'लोड ड्रायव्हर' करा.

थांबायचं कुठे

डिस्क आवाज करत असेल आणि डेटाची दुसरी प्रत नसेल तर वर सांगितलं तसं, लगेच. बायोसमध्ये दोन वेगळ्या केबलींनी आणि दोन वेगळ्या मशीनांत डिस्क दिसली नाही तरी थांबा. रेड लावलेलं, म्हणजे अनेक डिस्क एका संचात बांधलेलं, सर्व्हर मशीन असेल तर एकही डिस्क काढण्याआधी माणूस बोलवा, चुकीच्या क्रमाने परत लावली तरी सगळा संच बसू शकतो. डिस्कपार्टमध्ये कुठली डिस्क जुनी आणि कुठली नवी याबद्दल जराही शंका असेल तर 'क्लीन' ही आज्ञा टाकू नका. ती विचारत नाही, थेट पुसते.

सगळं नीट झाल्यावर मी जुन्या डिस्कवर मार्करने तारीख आणि मशीनचं नाव लिहून ती गिऱ्हाइकाच्या हातात देतो आणि सांगतो, एक महिना तशीच ठेवा, टॅली उघडा, प्रिंट काढा, जुन्या फाइल उघडून बघा. महिन्याभरात बहुतेकांचा एखादा राहिलेला फोल्डर निघतोच. त्यानंतर ती पुसायची असेल तर नुसतं क्विक फॉरमॅट मारू नका, पूर्ण फॉरमॅट करा. बँकेची कागदपत्रं त्यावर होती.